पाळीतला मोह, पाळीतले पवित्रपण

मोह होणे हे पाप नाही, मोहाला होकार देणे हे पाप, असे ख्रिस्ती शिकवण मानते. मत्तय आणि लूक या दोन्ही शुभवर्तमानांत खुद्द येशूला झालेल्या मोहाची हकिगत सविस्तर आली आहे. बाप्तिस्म्यानंतर आणि कामाला हात घालण्याआधी तो चाळीस दिवस अरण्यात उपाशी राहिला. भूक अगदी टोकाला पोहोचली तेव्हा सैतान त्याच्याकडे आला. पहिला मोह भाकरीचा होता: समोरच्या दगडांच्या भाकरी कर, एवढेच मागणे. भूक खरी होती, भाकरी खाण्यात गैर काही नव्हते आणि कोणाचे नुकसानही होणार नव्हते. मत्तयाच्या क्रमाने दुसरा मोह मंदिराच्या शिखरावरून उडी टाकून देवाला आपल्या रक्षणासाठी धावायला लावण्याचा, आणि तिसरा एकदाच दंडवत घालून जगातली सगळी राज्ये पदरात पाडून घेण्याचा. तिन्ही वेळा येशूने नवा युक्तिवाद रचला नाही. बायबलमधल्या ‘अनुवाद’ या पुस्तकातली, यहुदी माणसाला तोंडपाठ असणारी वचने त्याने समोर ठेवली आणि विषय तिथेच संपवला.

नोकरी करणाऱ्या माणसाच्या कामाच्या दोन गोष्टी या हकिगतीत आहेत. मोह येतो तो माणूस भुकेला, थकलेला आणि एकटा असताना. आणि तो बहुधा एखाद्या रास्त गरजेचे बोट धरून येतो. याकोबाच्या पत्रात पुढचा क्रम सांगितला आहे. इच्छा मनात शिरते, माणूस तिच्याशी बोलत बसतो, त्या बोलण्यातून कृती जन्माला येते आणि ती वाढली की माणसाला गिळते. देव कोणाला मोहात पाडत नाही, हेही याकोब तिथेच बजावतो. इच्छा मनात येणे आणि तिला होकार देणे यांच्यात थोडा वेळ असतो. कधी तो दोन मिनिटांचा, कधी दोन महिन्यांचा. ख्रिस्ती माणसाची सगळी झुंज या मधल्या वेळात चालते.

ही झुंज प्रत्यक्षात कशी दिसते हे पाहायचे तर लोधिवलीसारखे गाव बरे. खालापूर तालुक्यातले हे गाव चौकजवळ, जुन्या मुंबई-पुणे महामार्गाच्या काठी आहे. पाठीशी इरशाळगडाचा सुळका, जवळच पाताळगंगा औद्योगिक क्षेत्र आणि रसायनीचे कारखाने. १९६० मध्ये हिंदुस्तान ऑर्गॅनिक केमिकल्सची स्थापना झाली, रसायनीत तिचा कारखाना उभा राहिला आणि भाताची शेती व जंगल यांवर जगणाऱ्या या मुलखात भोंग्याची वेळ आली. पुढे द्रुतगती मार्ग झाला, रुग्णालय आले, गोदामे आली, कर्जतच्या बाजूला फार्महाउसे आली. गावकरी, ठाकर आणि कातकरी वाड्या आणि बाहेरून आलेले नोकरदार असे तीन थर इथे एकत्र नांदतात. ख्रिस्ती माणूस या पट्ट्यात बहुधा नोकरीमुळे आलेला असतो: वॉर्डातली परिचारिका, प्रयोगशाळेतला तंत्रज्ञ, फिटर, स्टोअरकीपर, ड्रायव्हर. त्याची मंडळी मागे गावी राहिलेली असते. रविवारची सुटी आठवड्यागणिक सरकत असते. शेजारी कोणी त्याला धर्माने ओळखत नाही, खोली नंबराने ओळखतात. अशा ठिकाणी पवित्रपणाचा प्रश्न देवळात कमी आणि पाळीत जास्त सुटतो.

रात्रपाळी हे पहिले उदाहरण. वॉर्डात ठरलेल्या वेळी प्रत्येक रुग्णाचे तापमान, नाडी, श्वास आणि रक्तदाब मोजून तक्त्यावर लिहायचे असतात. पहाटे चारला वॉर्ड झोपलेला असतो. दोघींचे काम एकटीवर पडलेले असते, कारण दुसरी आलेली नाही. मध्यरात्रीचे आकडे तक्त्यावर आहेतच: रक्तदाब एकशे वीस-ऐंशी, नाडी शहात्तर. मनात विचार येतो तो दुष्टपणाचा मुळीच नसतो. रुग्णाला आत्ताच डोळा लागलाय, कशाला उठवायचे. रुग्णाची दया हीच इथे मोहाची वाट होते. मग आधीच्या आकड्यात दोन इकडे, दोन तिकडे करून रकाना भरला जातो. नव्वद टक्के वेळा काही बिघडत नाही, आणि काही बिघडत नाही हेच त्या मोहाचे बळ असते. एखाद्या पहाटे मात्र पोटातल्या पोटात रक्तस्राव सुरू असतो. नाडी एकशे दहावर गेलेली असते, दाब उतरत असतो, आणि तक्ता सांगत असतो की सगळे ठीक आहे. सकाळी फेरीला आलेला डॉक्टर रुग्णाकडे पाहण्याआधी तक्त्याकडे पाहतो.

या क्षणी पवित्रपण म्हणजे खुर्चीतून उठणे, दंडाला पट्टा बांधणे, पाऱ्याकडे किंवा पडद्यावरच्या आकड्याकडे खरोखर पाहणे, आणि जे दिसेल ते लिहिणे. वेळ टळली असेल तर टळलेली वेळ लिहिणे. त्याला स्तोत्र लागत नाही. वॉर्डात वर्षानुवर्षे काम केलेल्या ख्रिस्ती परिचारिका याबद्दल बोलतात तेव्हा ‘मोह’ हा शब्दसुद्धा वापरत नाहीत. ‘चार्ट खोटा भरायचा नाही’ एवढेच नव्या मुलीला सांगतात. त्यांच्या लेखी ती धर्माची आज्ञाच असते.

चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात राहणारा इव्हाग्रियस नावाचा साधू होऊन गेला. मनात येणाऱ्या वाईट विचारांचे त्याने आठ प्रकार केले. खादाडपणा, कामवासना, लोभ, खिन्नता, राग, आळसावलेला कंटाळा, बढाईची हौस आणि गर्व. पुढे पश्चिमेकडच्या चर्चमध्ये यातूनच सात मूळ पापांची यादी तयार झाली. या आठांत कंटाळ्याचे वर्णन त्याने सर्वांत बारकाईने केले आहे. भर दुपारी साधूला वाटते की सूर्य जागचा हलतच नाही. तो पुन्हापुन्हा खोलीबाहेर डोकावतो, जेवणाला किती वेळ आहे ते पाहतो, ही जागा चुकीची आहे, इथली माणसे प्रेमळ नाहीत, दुसरीकडे गेलो असतो तर देवाची सेवा जास्त चांगली झाली असती, असे त्याला वाटू लागते. रात्रपाळी केलेल्या माणसाला हे वर्णन समजावून सांगावे लागत नाही. इव्हाग्रियसचा सल्लाही साधा होता: जागा सोडू नकोस, हातातले काम कर आणि ठरलेली प्रार्थना ठरलेल्या वेळी म्हण. कंटाळा हा दारू किंवा व्यभिचाराइतका भडक दिसत नाही म्हणून प्रवचनांत त्याचा उल्लेख क्वचित येतो. पण नोकरीतली बहुतेक बारीकसारीक अप्रामाणिकता त्याच्यातूनच निघते. मंडळ्यांनी या मोहाकडे आजवर फारच कमी लक्ष दिले आहे.

दुसरे उदाहरण वजनकाट्याचे. कारखान्यातला भंगार माल विकताना रिकाम्या ट्रकचे वजन आधी घेतात, माल भरल्यावर पुन्हा घेतात आणि दोन्हींतला फरक हे मालाचे वजन धरतात. भंगार घेणाऱ्याला वजन कमी दाखवायचे असते. म्हणून रिकाम्या गाडीत पाण्याने भरलेली पिंपे ठेवून किंवा चार माणसे बसवून ती काट्यावर उभी करतात. काट्यावरून उतरली की पाणी ओतून देतात, माणसे उतरतात, आणि तेवढे किलो भंगार फुकट जाते. काट्यावर बसलेल्या कारकुनाला खोटा आकडा लिहायला कोणी सांगत नाही. त्याने फक्त केबिनमधून उठून गाडीत डोकावायचे नाही. पावती छापील, आकडा यंत्राचा, सही खरी. महिन्याच्या शेवटी एक पाकीट येते.

आधुनिक नोकरीतला मोह मोठ्या प्रमाणावर असाच असतो. करायला सांगत नाही, न पाहायला सांगतो. कारकुनाची गरजही खोटी नसते. मुलाची फी भरायची असते, गावी आई आजारी असते, कंत्राटी नोकरीचा पगार दोन महिने थकलेला असतो. पहिले पाकीट घेताना माणूस स्वतःला सांगतो की कंपनीने आपले पैसे बुडवलेच आहेत. अन्याय झालेला असतो हे खरेच. येशूची भूकही खरी होती. गरज खरी असली म्हणजे तिच्यासाठी दाखवलेली वाट खरी ठरत नाही, एवढे अरण्यातल्या त्या हकिगतीवरून कारकुनाने घ्यायचे. थकलेला पगार मागण्यासाठी कामगार आयुक्ताचे कार्यालय आहे, संघटना आहे; ती वाट लांबची आणि त्रासाची आहे, तरी तीच धरायची.

तिसरे उदाहरण जमिनीचे. महामार्ग, द्रुतगती मार्ग आणि आता अटल सेतू यांमुळे कर्जत-खालापूरच्या जमिनीचे भाव असे चढले की शिक्षक, ड्रायव्हर, वॉर्डबॉय असा कोणीही फावल्या वेळात एजंट झाला. एजंटगिरी हे पाप नव्हे. मोह असतो तो बोलताना दोन वाक्ये गाळण्याचा: प्लॉटला रस्ता कागदावरच आहे, सातबाऱ्यावर कुळाचे नाव आहे, बिनशेती परवानगी अजून व्हायची आहे. त्याहून गंभीर मोह आदिवासींच्या जमिनीचा. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ प्रमाणे आदिवासीची जमीन परवानगीशिवाय बिगरआदिवासीकडे जाऊ शकत नाही. म्हणून दुसऱ्याच एखाद्या आदिवासी माणसाचे नाव पुढे करून व्यवहार रचण्याची पळवाट काढली जाते. एजंटाला दोन टक्के मिळतात. वाडीवरच्या कुटुंबाच्या हातात थोडी रोकड येते आणि पायाखालची जमीन जाते. भाऊ-बहिणींतला हक्कसोडाचा कागदही याच जातीचा. ख्रिस्ती कुटुंबांना १९२५ चा भारतीय वारसा कायदा लागू आहे आणि मृत्युपत्र नसेल तर मुलगा आणि मुलगी यांना त्यात समान वाटा आहे. तरीही ‘ताई, इथे फक्त सही कर’ हे वाक्य ख्रिस्ती घरांतही ऐकू येते, आणि ताई सही करते, कारण माहेर तुटायला नको असते.

जमिनीच्या मोहाला सामुदायिक नकार देता येतो हे वसईने दाखवले. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस वसईतली शेती, विहिरी आणि बागा बिल्डरांच्या घशात जाऊ लागल्या तेव्हा फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हरित वसई संरक्षण समितीच्या नावाने चळवळ उभी केली. फादर दिब्रिटो ‘सुवार्ता’ मासिकाचे संपादक होते आणि पुढे २०२० मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. धमक्या आल्या तरी त्यांनी लढा सोडला नाही. पर्यावरणाचा, पाण्याचा आणि भ्रष्टाचाराचा प्रश्न वेदीवरून बोलावा इतका धार्मिक आहे, असे ते मानत. लोभ ही एकट्याच्या मनातली गोष्ट राहत नाही, तिची वसाहत होते. तेव्हा तिच्याशी भांडायला एकटा माणूस पुरत नाही.

मोबाइलबद्दल थोडक्यात. अश्लील चित्रफिती, ऑनलाइन जुगार आणि पाच मिनिटांत मिळणारे कर्ज या तिन्ही गोष्टी आता खोलीवर एकट्या राहणाऱ्या कामगाराच्या उशाशी असतात. इथे इच्छाशक्तीच्या बढाया कामाच्या नाहीत. पोटीफराच्या बायकोने योसेफाचे वस्त्र धरले तेव्हा त्याने वाद घातला नाही. वस्त्र तिच्या हातात सोडून तो पळाला. फोन रात्री दुसऱ्या खोलीत चार्जिंगला लावणे किंवा मित्राकडे देणे हे त्याच पळण्याचे आजचे रूप आहे, आणि त्यात कमीपणा काही नाही.

मोहाशी झुंजण्याच्या जुन्या रीती तशा थोड्याच आहेत आणि सगळ्या साध्या आहेत. निर्णय आधी घेऊन ठेवायचा, ही पहिली. पाकीट समोर आल्यावर विचार करणारा माणूस बहुधा हरतो. पाकीट घ्यायचे नाही हे नोकरीच्या पहिल्या दिवशी घरी बोलून ठेवलेला माणूस बहुधा टिकतो, कारण त्याला बायकोला तोंड द्यायचे असते. दुसरी रीत दिवसाच्या झडतीची. सोळाव्या शतकात इग्नेशियस लोयोलाने आपल्या ‘आध्यात्मिक साधना’ या पुस्तकात ती शिस्तीने मांडली. दिवसभरात देवाने काय दिले ते आधी आठवायचे आणि आभार मानायचे, मग कुठे घसरलो ते पाहायचे, क्षमा मागायची आणि उद्याचा एक ठराव करायचा. क्रम महत्त्वाचा आहे. आभाराआधी पापे मोजायला बसलेला माणूस लवकरच निराश होतो आणि झडती सोडून देतो. दुसऱ्या पाळीवरून सुटलेला कामगार बसच्या शेवटच्या बाकावर बसून ही झडती चौक ते पनवेलच्या दरम्यान सहज पुरी करू शकतो.

तिसरी रीत सोबतीची. अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये जॉन वेस्लीने मेथडिस्ट लोकांचे बारा-बारा जणांचे छोटे वर्ग पाडले. त्यांत खाणकामगार होते, विणकर होते. आठवड्यातून एकदा प्रत्येकाने आपल्या आत्म्याचा हालहवाल सांगायचा असे. कॅथलिकांकडे प्रायश्चित्त संस्कार आहे, तिथे धर्मगुरूच्या कानाशी नाव घेऊन पाप बोलावे लागते. मराठी प्रॉटेस्टंट मंडळ्यांत घरसभा आहे. रूप कोणतेही असो, झाकून ठेवलेला मोह वाढतो आणि दुसऱ्या माणसाजवळ बोलून दाखवला की त्याचे अर्धे बळ जाते, हा शतकानुशतकांचा अनुभव आहे.

पवित्रपण हे नकारांची बेरीज मानले की धर्म रुक्ष होतो. मराठी ख्रिस्ती परंपरेत याचे उत्तर शोधायचे तर केडगावला, पंडिता रमाबाईंच्या मुक्ती सदनात जावे लागते. रमाबाईंचा बाप्तिस्मा २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमध्ये वाँटेज इथे झाला. पण १९०७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या साक्षीत त्यांनी मोकळेपणाने लिहिले आहे की त्यानंतर कितीतरी वर्षे त्यांच्या हाती ख्रिस्ती धर्म होता, ख्रिस्त नव्हता. संस्कृतची पंडिता, कलकत्त्यात ‘सरस्वती’ म्हणून गौरवलेली, इंग्लंड-अमेरिकेत मान मिळवलेली ही बाई. तिच्यापुढचा मोह विद्वत्तेच्या कीर्तीचा होता. १८८९ मध्ये मुंबईत सुरू केलेल्या शारदा सदनाला पुण्यातल्या सुधारकांचा पाठिंबा होता. मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला बसतात यावरून १८९३ मध्ये वादळ उठले, सल्लागार मंडळातली रानडे-भांडारकरांसारखी माणसे दूर झाली, अनेक मुली काढून नेल्या गेल्या. दार बंद करून प्रार्थना केली असती तर संस्थेचा मान टिकला असता. रमाबाईंनी दार उघडेच ठेवले. त्यांच्या निर्णयाबद्दल मतभेद तेव्हाही होते, आजही आहेत. पण सोयीसाठी लपवाछपवी करायची नाही हा त्यांचा बाणा वादातीत आहे.

१८९६ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून उपाशी, अत्याचार सोसलेल्या मुली आणल्या आणि केडगावला मुक्ती सदन वाढले. १९०० च्या सुमारास तिथे जवळजवळ दोन हजार बायका-मुली होत्या. या मुलींना पवित्रपणाचे धडे देण्याची त्यांची पद्धत लक्षात घेण्याजोगी आहे. प्रार्थना होतीच, त्याबरोबर हातमाग होता, शेती होती, दूधदुभते होते, तेलघाणा होता, छापखाना होता, अंध मुलींसाठी ब्रेल होते. रस्त्यावर अन्नासाठी झगडलेल्या मुलीला चोरी करू नको म्हणून सांगण्याआधी पोटभर जेवायला आणि करायला काम दिले गेले. १९०५ मध्ये मुक्तीत आत्मिक जागृतीची लाट आली; मुली रडत, मोठ्याने पापकबुली देत. त्या लाटेची वर्णने खूप झाली आहेत. लाट ओसरल्यावर त्याच मुली पुन्हा मागावर आणि छापखान्यात गेल्या याचे वर्णन फार कोणी केलेले नाही, आणि खरी गोष्ट तिथे आहे. रमाबाई स्वतः हिब्रू आणि ग्रीक शिकून साध्या मराठीत बायबलचे भाषांतर करीत होत्या. पानामागून पान, वर्षामागून वर्ष. ते बायबल मुक्तीच्या बायकांनी जुळवले आणि छापले. १९२१ मध्ये एकुलती मुलगी मनोरमा गेली. तरीही काम थांबले नाही. एप्रिल १९२२ मध्ये मृत्यूपूर्वी रमाबाईंनी ते पुरे केले.

रेव्हरंड नारायण वामन टिळक आणि लक्ष्मीबाई यांचा संसार हे याच विषयाचे दुसरे, जास्त घरगुती पान. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ चा. ते कवी होते, भक्त होते, आणि अत्यंत तापट होते. लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’त हा राग, हा लहरीपणा आणि घरातली वस्तू दारी आलेल्याला देऊन टाकण्याची सवय लपवलेली नाही. संतपण आणि स्वभावदोष एकाच छपराखाली कसे राहतात हे मराठीत इतक्या खरेपणाने दुसऱ्या कोणी लिहिलेले नाही. टिळकांचा राग बाप्तिस्म्याने नाहीसा झाला नाही. तो शेवटपर्यंत त्यांचा मोह राहिला आणि शेवटपर्यंत ते त्याच्याशी झगडले. पैशाच्या बाबतीत मात्र त्यांनी एक निर्णायक पाऊल टाकले. १९१७ मध्ये अमेरिकन मिशनची पगारी सेवा सोडून ते साताऱ्याला गेले आणि बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांचा ‘देवाचा दरबार’ त्यांनी भरवला. मे १९१९ मध्ये त्यांचे निधन झाले.

लक्ष्मीबाईंचा झगडा वेगळा होता. नवरा ख्रिस्ती झाल्यावरही त्या बरीच वर्षे सोवळे पाळत होत्या. पाणी वेगळे, स्वयंपाक वेगळा. त्यांचे सोवळे कोणा मिशनरीने उपदेश करून सोडवले नाही. माणसांतले उच्चनीच देवाने केले असेल का, या प्रश्नाशी त्या स्वतः भिडल्या आणि उत्तर मिळाल्यावर कोणाच्याही हातचे खाऊपिऊ लागल्या. बाप्तिस्मा नंतर झाला. स्वतःला शुद्ध ठेवण्यासाठी दुसऱ्याला लांब ठेवायचे, हा धार्मिक माणसाचा खास मोह आहे. तो जातीपुरता नाही. दारू न पिणारा ख्रिस्ती दारू पिणाऱ्या शेजाऱ्याच्या घरी जायचे टाळतो, लाच न घेणारा कारकून लाच घेणाऱ्या सहकाऱ्याशी तुटक वागतो, उपासनेला नियमित येणारे कुटुंब अधूनमधून येणाऱ्याकडे वळून पाहते, तेव्हा तेच सोवळे दुसऱ्या रूपात परत आलेले असते. इव्हाग्रियसने गर्वाला यादीत शेवटी ठेवले, कारण बाकीचे मोह जिंकल्यावर तो येतो.

घसरणे होतेच. ख्रिस्ती शिकवण घसरलेल्याला दोन गोष्टी सांगते. क्षमा फुकट आहे, हे पहिले. दुसरे लूकच्या एकोणिसाव्या अध्यायातल्या जक्कयाकडून शिकायचे. हा यरीहोचा मुख्य जकातदार. येशू त्याच्या घरी मुक्कामाला गेला, तेव्हा जक्कय रडत बसला नाही. त्याने अर्धी मालमत्ता गरिबांना देऊ केली आणि ज्यांना फसवले त्यांना चौपट परत करण्याचे कबूल केले. क्षमा मिळाल्यावर हिशेब सुरू होतो. वजनकाट्यावरच्या माणसाने पाकीट घेतले असेल तर ते परत द्यावे, निदान पुढच्या गाडीत डोकावावे. तक्ता खोटा भरला असेल तर सकाळी पाळी बदलताना पुढच्या परिचारिकेला ते सांगावे. त्यात लाज आहे, कदाचित मेमो आहे. पण पलंगावरचा माणूस त्यामुळे वाचू शकतो. बहिणीची सही घेतली असेल तर वाटा परत लिहून द्यावा, त्याला नोंदणी कार्यालय आहे. मनातल्या मनात केलेला पश्चात्ताप तिला मिळत नाही.

हे सगळे साधुसंतांपुरते आहे असा समज पूर्वी पक्का होता. १९६४ मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने चर्चविषयीच्या आपल्या दस्तऐवजात एक अख्खे प्रकरण या मुद्द्याला दिले: पवित्रपणाचे पाचारण प्रत्येकाला आहे, विवाहितांना, विधवांना, मजुरांना, आजाऱ्यांना, आणि ते आपापल्या कामातूनच पुरे व्हायचे आहे. २०१८ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी शेजारच्या दारातल्या संतांबद्दल लिहिले. प्रॉटेस्टंट परंपरेत ल्यूथरपासून हे सूत्र चालत आलेले आहे. तत्त्व म्हणून आता त्यावर कोणाचा वाद नाही. व्यवहारात मात्र मंडळ्यांचे सगळे वेळापत्रक अजून रविवारी सकाळी मोकळ्या असणाऱ्या माणसाला धरून आखलेले असते, आणि प्रवचनात वॉर्ड, वजनकाटा, सातबारा हे शब्द येत नाहीत.

तेव्हा कर्जत-खालापूर पट्ट्यातल्या आणि अशा प्रत्येक औद्योगिक पट्ट्यातल्या पाळकांना, धर्मगुरूंना आणि मंडळीच्या पंचांना विनंती आहे. आठवड्यातून एक प्रार्थनासभा पहिल्या पाळीची माणसे सुटण्याच्या वेळी, दुपारी चारच्या सुमारास ठेवा, आणि एक रात्रपाळीवरून परतणाऱ्यांसाठी सकाळी. दोन-चारच माणसे आली तरी ठेवा. त्यांना कामावर काय घडते ते आधी बोलू द्या आणि शास्त्रपाठ त्यानंतर घ्या. एकट्या राहणाऱ्या मुलामुलींच्या खोल्यांवर महिन्यातून एकदा जा. आणि नोकरीत खोटी सही नाकारल्यामुळे ज्याचा पगार अडला किंवा बदली झाली, त्याच्या घरचा किराणा त्या महिन्यात मंडळीने भरावा.